तीन गिटारी आणि उसनें संगीत



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी विचारतील कीं, शिरूर-दौंडकडील एका निवृत्त शाळामास्तरानें गिटार या पाश्चात्य वाद्याविषयीं काय म्हणून बोलावें? प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, इतिहास हा केवळ लढाया व तह यांचा नसतो. एका देशाची वस्तु दुसऱ्या देशांत जाऊन तेथें कशी रुजली किंवा कशी वाळून गेली, हाहि इतिहासच होय. अशा देवघेवीच्या वाटेवर आमचीं दोन्हीं गांवें फार दिवसांपासून वसलेलीं आहेत. घोडनदीच्या कांठचें शिरूर हें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी फौजेच्या छावणीचें ठिकाण होतें. १८०९ मध्यें मरण पावलेला कर्नल वॉलेस येथेंच पुरला गेला, आणि आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीच्या दिवसांत त्याच्या थडग्यास नैवेद्य दाखवीत, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. दौंड तर बोलूनचालून जंक्शन. १८७८ मध्यें मनमाडचा फांटा निघाल्यापासून उत्तरेकडचा उतारू व दक्षिणेकडचा उतारू तेथें गाडी बदलूं लागला.

आज आमच्या भागांतील एखादा मुलगा गिटार हातीं घेतो, तेव्हां वडीलधारी माणसें ‘हें परकें खूळ’ म्हणून नाक मुरडतात, आणि मुलगा ‘तुमचें जुनें झालें’ म्हणून पाठ फिरवितो. या भांडणांत खरा प्रश्न बाजूस राहतो. तो असा कीं, उसनें घेतलेलें आपलें केव्हां होतें, आणि तें होतांना काय गमवावें लागतें? त्याचें उत्तर शोधावयास पाश्चात्य अभिजात संगीतांतील तीन गिटारींचा मेळ फार उपयोगी पडतो.

तिघांचा मेळ आपणांस नवा नाहीं. पोवाड्याच्या फडांत डफ, तुणतुणें आणि झांज यांवर सारी रात्र उभी राहते; शाहीर कथा सांगतो, झीलकरी त्याचा सूर धरून ठेवतात. तीन गिटारींच्या मेळांत कामाची वांटणी जवळजवळ अशीच असते. एक मुख्य चाल वाजविते, दुसरी मधले स्वर भरते, तिसरी खर्जाचा आधार देते. भेद एवढाच कीं, येथें तिघी एकाच जातीच्या असल्यामुळें घटकेघटकेस कामें बदलतात, आणि श्रोत्याला चाल एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेली ऐकूं येते.

परंतु या मेळाची एक अडचण आहे. त्याच्यासाठीं मुद्दाम रचलेलें संगीत फार थोडें. स्पेनमधील गास्पार सान्स यानें १६७४ मध्यें गिटारवादनाचा ग्रंथ छापला, तेव्हां या वाद्याला तारांच्या पांच जोड्या असत. सहा सुट्या तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. त्यानंतरच्या पिढींत स्पेनचा फर्नांदो सोर व इटलीचा मावरो जुलियानी यांनीं तिला मैफलींत बसविलें, आणि ग्रान्यानी व द लोयेर यांनीं तीन गिटारींसाठीं कांहीं रचना लिहिल्या. पण पुढें पियानोचा मोठा आवाज घराघरांत शिरला आणि गिटारीचा नाजूक आवाज मागें पडला. श्रेष्ठ रचनाकार तिच्याकडे क्वचितच वळले. तेव्हां वादकांनीं दुसऱ्यांच्या दारीं जाण्यास संकोच केला नाहीं. तार्रेगा यानें पियानोच्या रचना गिटारीवर उतरविल्या. आंद्रेस सेगोव्हिया यानें बाखची व्हायोलिनसाठीं लिहिलेली शाकोन ही दीर्घ रचना १९३५ मध्यें पॅरिस येथें गिटारीवर वाजविली. आल्बेनिस याची पियानोवरील ‘आस्तुरियास’ तर आज अनेकांना गिटारीचीच रचना वाटते.

म्हणून तीन गिटारींच्या कार्यक्रमांत विवाल्दी, बाख, स्पेनमधील नृत्यें आणि आर्जेंटिनाच्या पियासोलाचे टँगो हीं सर्व एका पंक्तीला बसलेलीं आढळलीं, तर तो लहरीपणा समजूं नये. त्या वैविध्याचें मूळ दारिद्र्यांत आहे. घरांत नव्हतें म्हणून शेजाऱ्याकडून आणलें, आणि आणतां आणतां आणण्याचीहि एक कला झाली.

आमच्या मराठी रंगभूमीची कथा याहून फार निराळी नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० मध्यें पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून नाटकांतील पदांना लावणी, साकी, दिंडी, कर्नाटकी चाली, जें मिळेल तें वापरलें गेलें. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनीं पूरबकडच्या ठुमऱ्यांच्या धर्तीवर चाली दिल्या. त्या पदांना आज कोणी परकीं म्हणत नाहीं. मराठी शब्दांच्या वजनाप्रमाणें, नटाच्या गळ्याप्रमाणें व प्रसंगाप्रमाणें त्या चाली घडविल्या गेल्या, म्हणून त्या आपल्या झाल्या.

आतां गमावण्याची बाजू. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे कायमचे बसविलेले असतात. तार ६५ सेंटिमीटर लांब धरली, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, साडेबत्तीसवर येतो. मोकळ्या तारेला षड्ज मानलें, तर आपल्या कानाला गोड लागणारा शुद्ध गांधार ५२ सेंटिमीटर लांबीवर बोलतो. परंतु सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळें गिटारीचा गांधार सुमारें ५१.६ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे तो किंचित् चढा असतो. अंतर चार मिलिमीटरांचें, पण तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तें बोंचतें. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध करून याच प्रकारच्या फरकांकडे लक्ष वेधलें होतें. ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें पेटीला बंदी केली, तिच्या मुळाशींहि हाच आक्षेप होता. ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. शिवाय पडद्यांवर बोट ठेवून एका स्वरावरून दूरच्या स्वरावर लांब मींड घेतां येत नाहीं, आणि मींडेवांचून राग म्हणजे पाण्यावांचून नदी.

मग आपल्या देशांत गिटारीचें काय झालें? पोर्तुगीजांच्या अमदानींत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकविलें जाई. त्याच भूमींत मांडो जन्मास आला. त्याच्या साथीला घुमट, व्हायोलिन आणि पुढें गिटार बसूं लागली. कोंकणी शब्द, पाश्चात्य स्वरसंवाद आणि मातीचें घुमट यांचा तो संसार सुखाचा झाला. तेथील वादक मुंबईस येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांपैकीं माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ मध्यें रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईंत सादर करविल्या.

दुसरा मार्ग जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनीं धरला. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या या शिष्यानें हवाई बेटांतील पद्धतीप्रमाणें गिटार मांडीवर आडवी घेतली व पडद्यांवर बोटें दाबण्याऐवजीं तारेवरून धातूचा दांडा फिरविला. पडद्यांची सत्ता संपली, मींड मोकळी झाली. १९६७ मध्यें काब्रा, संतूरवादक शिवकुमार शर्मा व बांसरीवादक हरिप्रसाद चौरसिया या तिघांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून सांगणारी ती त्रयी देशांत व परदेशांत घरोघर पोहोंचली. संतूर काश्मीरची, गिटार पश्चिमेची, बांसरी गोकुळाची. तरी कोणीहि पाहुणा वाटत नाहीं.

या दोन इतिहासांवरून माझ्या मतें एक नियम निघतो. उसनें घेतांना कांहींतरी बदलावेंच लागतें. युरोपांतील त्रयींनीं वाद्य तेंच ठेवून रचना बदलल्या. काब्रा यांनीं राग तोच ठेवून वाद्य धरण्याची रीत बदलली. ज्यानें कांहींच बदललें नाहीं, त्याच्या हातीं नक्कल राहिली. ज्यानें सगळेंच बदललें, त्याच्या हातीं कांहींच राहिलें नाहीं.

आमच्याकडील तीन मुलांनीं उद्यां असा मेळ उभारला, तर त्यांनीं बाख अवश्य वाजवावा, पण लिहिल्याप्रमाणें, शिस्तीनें. मांडो वाजवावा. पोवाड्याची चाल घ्यावयाची असेल, तर तिसऱ्या गिटारीची सर्वांत जाड तार एक स्वर खालीं उतरवावी. म्हणजे खालच्या तीन मोकळ्या तारा सा, प, सा अशा बोलूं लागतील आणि तुणतुण्याचें काम चालेल. वाद्याच्या लांकडी पोटावर बोटांनीं डफाचा ठेका देतां येईल. मात्र मींडेवर जगणारा राग पडद्यांवर ठोकून बसवूं नये; तो गळ्याला, सारंगीला किंवा दांड्याच्या गिटारीला सोडावा. काय घ्यावें याबरोबर काय घेऊं नये हें ज्याला कळलें, त्याचा संग्रह कितीहि विविध असो, तो त्याचाच.

वडील मंडळींना माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलाच्या हातांतील गिटारीला नांवें ठेवण्यापूर्वीं तिच्यावर तो काय वाजवितो आणि कसें वाजवितो, तें एकदां शांतपणें ऐकावें. आणि त्याला आपल्या गांवच्या शाहिराचा एक तरी पोवाडा ऐकवावा. दोघांच्या कानांची ओळख झाली, म्हणजे वाद्य कोणाचें हा वाद आपोआप मिटेल.