काळ्या ठिपक्यांचा वाद

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, हा समज विसाव्या शतकात पक्का झाला तो मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या अधिकारामुळे, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गर्भाच्या मेंदूत पोकळ्यांच्या भिंतीलगत पेशी झपाट्याने विभागतात आणि तिथून बाहेरच्या थरांकडे सरकतात. ती गर्दी नजरेतून सुटत नाही. प्रौढ मेंदूत तशी गर्दी नव्हती, आणि काहाल यांच्या काळच्या रंगवलेल्या कापांत पेशीचा आकार दिसे, वय कळत नसे. त्यामुळे न दिसणं म्हणजेच नसणं, असं धरलं गेलं. माझ्या मते खरी चूक ही होती, आणि ती पुढेही होत राहिली.

वय कळण्याची सोय किरणोत्सारी थायमिडीनने झाली. विभागण्याआधी पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हाच ती हे द्रव्य मोठ्या प्रमाणात उचलते. मग मेंदूच्या पातळ कापावर फोटोग्राफीचा लेप देऊन तो अंधारात ठेवायचा. ज्या पेशीकेंद्रावर चांदीचे काळे ठिपके उमटतील, ती पेशी थायमिडीन टोचल्याच्या सुमारास जन्मलेली. एमआयटीतल्या जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ पासून असे पुरावे मांडले; १९६५ साली त्यांनी गोपाळ दास यांच्यासह उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या नव्या पेशींचं सविस्तर वर्णन केलं. या ठिपकेवाल्या पेशी चेतापेशी नसून आधारपेशी असतील, हा आक्षेप तेव्हा रास्तच होता, कारण आधारपेशी प्रौढपणीही विभागतात. पण १९७७ मध्ये मायकेल कॅप्लन आणि जेम्स हाइंड्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींची चेतापेशीला साजेशी रचना दाखवली. त्यानंतरही हे काम बाजूलाच पडलं, याचं समर्थन मला करता येत नाही.

येलचे पास्को राकिच यांची हरकत मात्र वजनदार होती. १९८५ साली त्यांनी ऱ्हीसस माकडांत नव्या चेतापेशी आढळत नसल्याचं मांडलं. आयुष्यभराच्या आठवणी जपायच्या तर पेशी टिकाऊ हव्यात, हा त्यामागचा विचार. मेंदूच्या बाह्यकापुरता तो बराचसा खरा ठरला. संपूर्ण मेंदूला तो लावणं तेवढं चुकलं. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाने थायमिडीनसारखीच खूण ठेवणारं ब्रोमोडीऑक्सियुरिडीन दिलेल्या, पुढे मरण पावलेल्या कर्करुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी दाखवल्या. २०१३ मध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांतून हवेत आलेल्या कार्बन-१४ वरून पेशींची वयं काढली, आणि रोज प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते असा अंदाज दिला.

२०१८ साली एका गटाला प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये तरुण चेतापेशी सापडल्याच नाहीत. यावर माद्रिदमधून २०१९ साली आलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं: मृत्यूनंतरचा मेंदू परिरक्षक द्रावणात फार काळ राहिला, तर तरुण पेशी ओळखण्याचं प्रथिनच दिसेनासं होतं. काप कसा जपला गेला होता हे तपासल्याशिवाय त्यात न दिसलेल्या पेशीला नसलेली पेशी म्हणता येत नाही.