मेंदीचे ठिपके



माझ्या आजीच्या हातावरचे गोंदण तिच्याबरोबर चितेपर्यंत गेले. मेंदी पंधरा दिवसांत उडते, म्हणूनच तिचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नसावे. वास्तविक ती इतकी जुनी, की इजिप्तमधील ममींच्या केसांवरही तिचा रंग सापडला आहे.

आपल्याकडे लग्नात मान हळदीचा नि हिरव्या चुड्याचा. मेंदी ती नागपंचमीची. आमच्या घाटकोपरच्या चाळीत आई कुंपणाचा पाला ओरबाडून आणी, पाट्यावर वाटी, त्यात कात घाली. तळहातावर मधोमध वाटोळा ठिपका, भोवती लहान ठिपके, बोटांना टोप्या. झाली नक्षी! फडके बांधून निजायचे. सकाळी हातापेक्षा उशीच अधिक रंगलेली. काडीने काढलेले मोर नि वेलबुट्ट्या मी प्रथम शेजारच्या गुजराती मावशींच्या हातावर पाहिल्या. पुढे कोन आले, १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये मेंदीचे गाणे आले, आणि मराठी लग्नातही मेंदीची वेगळी संध्याकाळ होऊ लागली. आता पूड येते ती राजस्थानातील सोजतची. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पाल्याचा रंग कातडीच्या वरच्या थराला धरतो, तो थर झडला की जातो. बाजारातली ‘काळी मेंदी’ मात्र निराळी. तीत पुष्कळदा केस काळे करण्याचे पीपीडी नावाचे रसायन असते. माझ्या भाचीच्या लग्नाआधी असा एक कोन घरात आला. हळदीच्या दिवशी तिच्या मनगटावर वेलबुट्टीच्याच आकाराचे फोड! लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिचा तो हात पदराखाली आहे.

आईच्या ठिपक्यांचा तर एकही फोटो आमच्याकडे नाही.