घरं स्वस्त होणार का? मुंबईत तीनदा झाली होती

ज्यांना इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहूनही देतोय. डोंबिवलीला गाडीत चढलात तर मुंब्रा यायच्या आत वाचून होईल.

आमच्या घरात एक वाद गेली तीस वर्षं चालू आहे. १९९५ साली बाबांनी डोंबिवलीत वन बीएचके घेतला. साडेपाच लाखांना. साडेतीन लाख कर्ज, व्याज १६ टक्के, मुदत पंधरा वर्षं, हप्ता पाच हजारांच्या वर. बाबांचा पगार तेव्हा नऊ हजार. माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, तेव्हा सांगत होता, "दादा, थांब. हे भाव टिकायचे नाहीत." बाबा थांबले नाहीत. काका थांबला.

आणि काका बरोबर निघाला! चार वर्षांनी आमच्याच गल्लीत तसाच फ्लॅट चार लाखांना गेला. बाबा अजून साडेपाच लाखांच्या फ्लॅटचं व्याज भरत होते. आई संध्याकाळी शिकवण्या घ्यायची, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. सणाला काका आला की विषय निघायचा आणि बाबा गप्प व्हायचे.

मग काकाने चार लाखांत फ्लॅट घेतला का? नाही. का नाही, ते सांगतो. पण त्याआधी थोडं मागे जाऊया. दीडशे वर्षांहून जास्त मागे.

पहिली पडझड : १८६५

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. मग त्यांनी कापूस घेतला कुठून? मुख्यतः आपल्याकडून, मुंबई बंदरातून. कापसाचा भाव काही पटींनी चढला आणि मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर आला.

एवढ्या पैशाचं करायचं काय? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि जमीन कमी पडते म्हणून समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सगळ्यात गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. म्हणजे बघा, ज्या जमिनीवर लोक पैसे लावत होते तिथे अजून भरतीचं पाणी येत होतं. आज आपण खड्डा बघून अठराव्या मजल्याचं टोकन देतो. तेव्हा तर खड्डाही नव्हता. या सगळ्या उलाढालीच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. फोर्टातला राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला शेअरच्या वायद्यांचे व्यवहार पुरे करायचे होते. त्या दिवशी कळलं की द्यायला पैसे कुणाकडेच नाहीत. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या आसपास आला. पुढे बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली.

आता एक आकडा लक्षात ठेवा. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या होती ८ लाख १६ हजार. १८७२ साली ती होती ६ लाख ४४ हजार. पावणेदोन लाख माणसं कमी! काम संपलं म्हणून लोक निघून गेले. म्हणजे शहर घेणाऱ्यांसाठी मोकळं झालं, तेव्हा घेणारेच राहिले नव्हते.

दुसरी : १९९५ नंतर

मधली बरीच वर्षं सोडतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईत सामान्य माणूस शतकभर घर विकत घ्यायचाच नाही, खोली भाड्याने घ्यायचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडं वाढत नाही म्हटल्यावर भाड्यासाठी चाळ बांधायला कोण येणार? मग पागडी आली, आणि पुढे मालकीचा फ्लॅट. १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने मोकळी जमीनही अडकून पडली. त्यामुळे 'मुंबईत जागेचा भाव पडत नाही' हे आपल्या आजोबांच्या पिढीला सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं वाटायचं.

१९९१ ला उदारीकरण आलं. परदेशी बँका, कंपन्या आल्या. त्यांना ऑफिस मुंबईतच हवं, साहेबांना घरही इथेच हवं. बाहेर राहणाऱ्या भारतीयांचा पैसा आला. १९९५ च्या सुमाराला नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सगळ्यात महाग भाड्यांत मोजली जात होती. गंमत बघा, हे नरिमन पॉइंटसुद्धा त्याच बॅकबेमध्ये भराव टाकून केलेलं. १८६५ मध्ये जे पाणी होतं, त्यावर १९९५ मध्ये पुन्हा तेच झालं.

कारण मग पैसा महागला. कर्जं आटली. फ्लॅट राहायला नाही तर विकायलाच घेतलेले लोक अडकले. १९९७ मध्ये आशियातलं आर्थिक संकट आलं. मुंबईच्या काही भागांत भाव जवळपास निम्म्यावर आले आणि पाच-सहा वर्षं तिथेच रेंगाळले.

आता काकाकडे येऊया. काका ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होता. तो ज्या घसरणीची वाट बघत होता ती आली, पण त्याच घसरणीने त्याचा कारखानाही गाठला. १९९९ मध्ये व्हीआरएसचा कागद पुढे आला. हातात काही लाख आले खरे, पण महिन्याचा पगार गेला. पगाराची स्लिप नाही तर कर्ज नाही. आणि चाळिशीत नोकरी गेलेला माणूस हातातली सगळी पुंजी घरात घालत नाही. दोन मुलांची शाळा होती. भावाबद्दल काका शंभर टक्के बरोबर होता. त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. तो आजही भाड्याने राहतो, आणि दर अकरा महिन्यांनी नवा करार करतो.

मग १९९९ ते २००३ मध्ये घर कुणी घेतलं? ज्यांचे पगार चालू होते त्यांनी. सरकारी नोकर, बँकवाले, नुकतेच आयटीत लागलेले. २००३ पर्यंत व्याज ८ टक्क्यांच्या आसपास आलं होतं, गृहकर्जाच्या दीड लाखापर्यंतच्या व्याजावर करात सवलत होती, भाव खाली होते. घर घ्यायला याहून चांगली वेळ गेल्या तीस वर्षांत क्वचितच आली असेल. पण तेव्हाचे लोक काय म्हणायचे, ठाऊक आहे? 'जागेत आता काही राम नाही.' १९९५ ला भाव कधीच पडणार नाही याची खात्री होती, २००२ ला कधीच चढणार नाही याची. दोन्ही वेळा खात्री तेवढीच पक्की, आणि माणसं बरीचशी तीच.

तिसरी : जी दिसलीच नाही

साधारण २०१३-१४ पासून २०२० पर्यंत मुंबई आणि आसपासचे भाव जवळजवळ जागच्या जागी होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली, मे २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं, २०१८ मध्ये बिल्डरांना मिळणारा पैसा आटला. तरी वर्तमानपत्रात 'भाव कोसळले' अशी हेडलाइन कधी आली नाही. का?

साधा हिशेब करा. १ कोटीचा फ्लॅट सात वर्षं १ कोटीलाच राहिला आणि महागाई दर वर्षी ५ टक्के धरली, तर सुरुवातीच्या वर्षाच्या पैशात त्याची किंमत उरते साधारण ७१ लाख. पाटीवरचा आकडा हलला नाही, पण घर स्वस्त झालं. अट एकच, या काळात तुमचा पगार महागाईइतका तरी वाढायला हवा.

बिल्डर पाटीवरचा आकडा सहसा का उतरवत नाही? कारण उतरवला की आधीचं गिऱ्हाईक दारात येतं, 'माझे जास्तीचे परत दे' म्हणून. ज्या मालावर कर्ज घेतलंय त्याची किंमत बँकेच्या वहीत कमी होते. शिवाय स्टॅम्प ड्युटी भरायची ती कराराची किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त रकमेवर, म्हणजे फार खाली येऊन कुणाचाच फायदा नाही. म्हणून भाव तोच राहतो, आणि वर मॉड्युलर किचन, पार्किंग, 'स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून'. घसरण झाकायची ही पद्धत आहे. टेबलापलीकडे बसून मागितलंत तरच ती मिळते.

आणि मग आलं २०२०. सप्टेंबर ते डिसेंबर राज्य सरकारने मुंबईत स्टॅम्प ड्युटी ५ वरून २ टक्क्यांवर आणली. गृहकर्ज ७ टक्क्यांच्या खाली आलं. एकट्या डिसेंबरात मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास घरांची नोंदणी झाली.

मी तेव्हा २७ वर्षांचा होतो. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, भाव पडू दे, मग घेतो. आता सगळं जुळून आलं होतं. फक्त एप्रिलपासून माझा पगार ३० टक्के कापला होता, आणि डाउन पेमेंटसाठी ठेवलेले पैसे बाबांच्या हॉस्पिटलात गेले होते. ३१ डिसेंबरच्या रात्री काकाचा फोन आला, हॅपी न्यू इयर म्हणायला. बोलता बोलता म्हणाला, "तुझंही माझ्यासारखंच झालं रे." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मग काय करायचं?

घरं स्वस्त होणार का, याचं इतिहासाचं उत्तर सरळ आहे. होतात. आधी झाली आहेत, पुन्हाही होतील. पण बाजार एकटा पडत नाही. ज्या कारणाने भाव पडतो, त्याच कारणाने पगार, कर्ज आणि धीर हेही पडतात. १८६५ मध्ये माणसं शहर सोडून गेली, १९९९ मध्ये काकाची नोकरी गेली, २०२० मध्ये माझी शिल्लक गेली. घसरण सगळ्यांसाठी येते, पण तिचा फायदा घेतो तो, जो तेव्हाही उभा असतो.

म्हणून मी आता भावाचे तक्ते बघणं सोडलंय. तीन गोष्टी बघतो. नोकरी गेली तर किती महिने हप्ता भरता येईल? व्याज २ टक्क्यांनी वाढलं तर घरखर्च चालेल का? आणि घेतल्यानंतर भाव २० टक्के पडला तर तिथे निवांत राहता येईल का, की विकावंच लागेल? तिन्हीला 'हो' असेल तर बाजार बघत बसायची गरज नाही. एकालाही 'नाही' असेल तर भाव कितीही पडला तरी ते घर आपल्यासाठी महागच. मग भाड्याने राहण्यात काही कमीपणा नाही, भाड्याचे पैसे पाण्यात जात नाहीत. ते आपल्याला उभं ठेवतात.

माझं पहिल्या प्रश्नाचं उत्तर सध्या चार महिने आहे. बारा झाले की शोधायला लागेन.

आणि घरातल्या वादाचं म्हणाल, तर मागच्या गणपतीत मी बाबांना विचारलं, तेव्हा थांबला असतात तर बरं झालं असतं ना? ते म्हणाले, "दीड लाख जास्त दिले, हे खरं. पण तू त्याच घरात शिकलास." काका शेजारी मोदक खात बसला होता. पहिल्यांदाच त्याने वाद घातला नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.