मोटारीच्या काचेची कळ
मोटारीची काच प्रथम हँडल फिरवून वरखालीं करीत. १९४० सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें हें काम यंत्राकडे सोंपविलें. तेलाच्या दाबानें काच चढे. परंतु नळ्या पाझरत व रंग खराब होई. १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियल गाडींत तेल जाऊन केवळ वीज आली.

सोय वाढली, तसा धोकाही वाढला. खिडकींतून डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा बटणावर पडे, काच चढे आणि मान अडके. कित्येक बालकें दगावलीं. अखेर २००५ च्या अमेरिकन कायद्यानें ठरविलें कीं, बटण ओढल्यावांचून काच चढूं नये.

आज फिरत्या घरासारख्या गाडीची काच अडली, तर कुशल कारागीर बिजागरीजवळची तार आधीं पाहतो; दाराच्या उघडझापेनें ती तुटते. मात्र बटण बदलावें लागलें, तर तें ओढण्याचेंच बसवावें. त्या लहानशा कळेमागें बालकांच्या प्राणांचें मोल आहे.