फराहबाग व बीडची खजाना विहीर

बीड शहराच्या दक्षिणेस जी खजाना विहीर आहे ती पाहिल्यावांचून निजामशाही राजवाड्यांविषयीं कोणीं मत देऊं नये, असें आमचें म्हणणें आहे. हें विधान वाचकांस विलक्षण वाटेल. राजवाडा नगरास, विहीर बीडास, आणि मध्यें आष्टी-कड्याची सारी वाट. परंतु दोन्ही कामांवर नांव एकाच पुरुषाचें घेतलें जातें, व सालही एकच सांगतात. हा पुरुष म्हणजे मूर्तिजा निजामशहाचा वकील, म्हणजे मुख्य प्रधान, सलाबतखान. विहिरीचें साल हिजरी ९९१ दिलें जातें. त्याचा आरंभ इ. स. १५८३ च्या जानेवारींत होतो. नगरची फराहबागही १५८३ तच पुरी झाली असें मानितात.

आम्हीं आधीं विहीर पाहिली व मग राजवाडा पाहिला. हा क्रम उपयोगी पडला. विहिरीच्या पोटांत भुयारी पाटांचीं तीन तोंडें आहेत. दोहोंतून पाणी येतें व तिसऱ्यांतून बलगुजार नांवाच्या शेतजमिनीकडे जातें. म्हणजे ही नुसती उपसण्याची विहीर नव्हे. जमिनीच्या पोटांतून पाणी खेळवीत आणावयाचें, एके ठिकाणीं सांठवावयाचें, व मोट न लावितां उतारानें पिकावर सोडावयाचें, अशी ही योजना आहे. इराणांत अशा कामास कनात किंवा कारेझ म्हणतात. बांधणाराचें नांव राजा भास्कर असें परंपरा सांगते. विहिरीचें पाणी कधींच कमीजास्त होत नाहीं, असेंही लोक सांगतात; परंतु दक्षिणेंतील प्रत्येक चांगल्या विहिरीविषयीं असें सांगण्याची चाल असल्यामुळें त्यास आम्ही महत्त्व देत नाहीं.

हें डोक्यांत ठेवून नगरच्या आग्नेयेस गेलें असतां फराहबाग निराळीच दिसते. एरव्हीं प्रवाशास दिसतो तो एका कोरड्या तळ्याच्या मध्यभागीं उभा असलेला अष्टकोनी, दुमजली, ओबडधोबड दगडांचा वाडा. त्याच्या उंच कमानी, गिलाव्याचे उरलेले तुकडे आणि मधला घुमटाचा दिवाणखाना पाहून तो परततो. बरोबरचा माणूस बुद्धिबळांच्या व गवयाच्या गोष्टी सांगतो, त्याही ऐकून घेतो. आमच्या मतें या वाड्याचें खरें अंग भिंतींत नसून तळ्यांत होतें. भोंवतीं पाणी, चारी अंगांनीं खोल कमानी, त्यांतून वाहणारा थंड वारा: एवढ्यासाठींच सारी रचना. नगर शहरास दूरच्या टेकड्यांकडून खापराच्या नळांनीं पाणी आणिलें होतें हें प्रसिद्धच आहे. त्या विद्येचें राजविलासी फळ म्हणजे फराहबाग, आणि शेतकऱ्याच्या कामीं आलेलें फळ म्हणजे बीडची विहीर.

राजवाडा पाण्यांत बांधण्याची हौस दक्षिणेपुरतीच नव्हती. कोरियाच्या सोल नगरींतील ग्योंगबोकगुंग राजवाड्यांत चौकोनी तळ्यांतील बेटावर दगडी खांबांचा दुमजली मंडप आहे. तो १४१२ सालीं उभारला, १५९२ च्या जपानी स्वारींत सबंध राजवाड्याबरोबर जळाला, व १८६७ सालीं पुन्हां बांधला. तेथें इमारत जळूनही तळें व मंडप यांची जोडी परत जमली. आमच्याकडे इमारत उभी राहिली व पाणी गेलें.

मूर्तिजा निजामशहास लोक ‘दिवाणा’ म्हणत, व त्यानें वर्षानुवर्षें एकांतवास केला, हें खरें. परंतु बीड जिल्ह्यांतील वाचकांनीं याच राजाचें दुसरें रूप विसरूं नये. आदिलशाही सरदार किश्वरखान यानें इ. स. १५६७ त धारूरचा किल्ला बांधला, तेव्हां दोन वर्षांच्या आंत मूर्तिजा स्वतः त्यावर चालून गेला; किश्वरखान बाण लागून पडला व किल्ला निजामशाहींत आला. असा स्वार पुढें दाराआड बसला व राज्य प्रधानाच्या हातीं गेलें. तो प्रधान सलाबतखान.

आतां मुख्य मुद्दा. बीडास अशी कथा आहे कीं, सलाबतखान हा येथील जहागीरदार. त्यानें नगरास पाठवावयाचा सरकारी वसूल या विहिरींत घातला, आणि ‘माझा खजाना हाच’ अशा अर्थाचें उत्तर दिलें. म्हणून विहिरीचें नांव खजाना. कथा गोड आहे, पण ९९१ हें साल खरें धरलें तर ती टिकत नाहीं. त्या सुमारास सलाबतखान स्वतःच राज्याचा वकील होता. वसूल ज्याच्याकडे जावयाचा तो, व ज्यानें तो अडविला म्हणतात तो, हे दोघे एकच ठरतात. कथेंत तथ्य असेल तर तें त्याच्या एखाद्या हाताखालच्या अंमलदारासंबंधीं असेल.

फिरिस्ता यानें दिलेली हकीकतही येथें आठवते. राजानें रागावून सलाबतखानास कैदेंत जाण्यास सांगितलें, व दंडाराजपुरीचें नांव घेतलें. तेव्हां सैन्य हातीं असूनही त्यानें आपल्या हातानें बेड्या घालून घेतल्या, पालखींत बसला व लोकांस तिकडे नेण्यास सांगितलें. फिरिस्ता त्या काळीं नगरच्या दरबारींच होता. अर्थात् स्वभावावरून हिशेब सिद्ध होत नाहीं; आमचा भर पदाच्या पुराव्यावरच आहे.

मग नांवाचें काय? फारशींत खजाना हा शब्द द्रव्यापुरता नाहीं. इराणी हमामांतील ऊन पाण्याच्या हौदास खजीनाच म्हणतात, व अरबींत पाणी सांठविण्याच्या जागेस याच धातूपासून झालेला शब्द आहे. भुयारी पाट जेथें एकत्र येऊन सांठतात त्या जागेस कारागिरांनीं खजाना म्हटलें असेल, व कारागीर गेल्यावर लोकांनीं त्या शब्दासाठीं वसुलाची गोष्ट रचिली असेल, असा आमचा तर्क आहे. नांवासाठीं गोष्ट जन्मास येण्याचीं उदाहरणें वाचकांस सांगावयास नकोत.

हा तर्क पक्का करण्याचें साधन बीडच्या जुन्या घरांतच मिळण्याचा संभव आहे. पाटाच्या पाण्याचे वांटे, पाळ्या, त्यांवरचे तंटे व महजर, बलगुजारच्या जमिनीच्या सनदा, असे कागद मोडींत किंवा फारशींत असावयाचे. आमच्या संग्राहक मित्रांची एक रीत घातक आहे. मोडी तेवढें ठेवून फारशी बंद वाचतां येत नाहींत म्हणून बाजूस टाकतात, किंवा शिक्का सुंदर असला तर तेवढा कापून घेतात. या विहिरीचें नांव जुन्या फारशी कागदांत ‘खजाना’च्या पुढें पाण्याचा वाचक असा कांहीं शब्द घेऊन आलें आहे कीं काय, हें त्या टाकलेल्या बंदांतूनच कळेल. मूळ कागद द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची अक्षरशः नक्कल, पाठीमागील शेरे, शिक्क्याचा ठसा व कागद ज्या रुमालांत सांपडला त्यांतील इतर कागदांची याद, एवढें ज्यांनीं मंडळाकडे पाठविलें त्यांचा लेख याच पृष्ठांत छापण्यांत येईल.