टर्बाइनच्या पात्यातले कण

जेट इंजिनातलं टर्बाइनचं पातं लालभडक तापूनही ताणलं जात नाही, ते निकेलच्या पोटातल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. या कणांचं कूळ शोधत गेलं, तर आपण ॲल्युमिनियमपाशी पोहोचतो. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं. ते काही दिवस नुसतं पडून राहिलं आणि आपोआप कठीण झालं. असं का व्हावं, हे १९१९ मध्ये अमेरिकेत पॉल मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं: तापवल्यावर विरघळलेलं तांबं नंतर हळूहळू बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतं. ते कण त्या वेळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसतही नव्हते. न दिसणाऱ्या कणांवर एवढा भरवसा ठेवणं, याला मी मोठं धाडस म्हणतो.

निकेलची पाळी दुसऱ्या महायुद्धात आली. शेगडीच्या तारेत वापरायच्या निकेल-क्रोमियममध्ये ब्रिटिशांनी थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं आणि १९४१ च्या सुमारास निमॉनिक ८० हा मिश्रधातू तयार झाला. त्याच्या पुढच्या अवताराची, ८०ए ची, प्रचलित रीत पाहा: १०८० अंश सेल्सियसला आठ तास, मग हवेत थंड, मग ७०० अंशांना सोळा तास. पहिल्या फेरीत सगळं विरघळतं. दुसरीत अणू जेमतेम हलतात, म्हणून कण असंख्य आणि बारीक निपजतात. आच वाढली की मोठे कण लहानांना गिळतात, मधली अंतरं रुंदावतात आणि धातू सैल पडतो. घटक तेच, तरी बळ वेगळं.

पण हे कण फार घाईचे. वेल्डिंगनंतर ते पटकन निपजत आणि सांध्याजवळ तडे जात. अमेरिकेत हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी नायोबियमचा आधार घेऊन इनकोनेल ७१८ घडवला. त्यातले मुख्य कण सावकाश येतात, म्हणून ७२० अंशांना आठ तास ठेवून, तासाला सुमारे ५५ अंशांनी उतरवत, ६२० अंशांवर तो पुन्हा आठ तास ठेवतात. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतला सर्वांत मोलाचा शोध हा संथपणाच.

आजच्या एकस्फटिकी पात्यांत सुमारे ७० टक्के भाग निमॉनिकमधल्यासारख्या कणांचा असतो, तोही घनाकृती. उड्डाणात आच आणि ताण सोसताना हे घन एकमेकांत मिसळून चपटे थर होतात. म्हणूनच वापरलेलं पातं कापून, त्यातल्या कणांचा आकार पाहून, ते किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो.