शाळेतील मंडळे आणि एक संप : मोटन हायस्कूल, १९५१

१/
सोमवार, २३ एप्रिल १९५१. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फार्मविल या लहान गावी, रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूलच्या सभागृहात साडेचारशेच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थी जमले होते. सभा प्राचार्यांनी बोलावली आहे, असा सर्वांचा समज होता. पडदा सरकला तेव्हा मंचावर प्राचार्य नव्हते. तेथे सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स आणि तिच्यासोबत विद्यार्थ्यांची एक समिती होती.

२/
त्या सकाळी सुरू झालेल्या संपाचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सभा बोलावणे, ती ताब्यात ठेवणे, मागण्या मांडणे, पत्रव्यवहार करणे ही कामे या मुलांना कोणी शिकवली? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शाळेच्याच वेळापत्रकात, विद्यार्थी-मंडळांच्या तासात सापडते. त्या मंडळांचा हा इतिहास. #थ्रेड

३/
१९१० च्या सुमारास अमेरिकेतील दहा तरुणांपैकी जेमतेम एक जण हायस्कूलचे शिक्षण पूर्ण करीत असे. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. शेतकऱ्यांची, गिरणी-कामगारांची, नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांची मुले एकाच शाळेत येऊ लागली. १९१८ मध्ये माध्यमिक शिक्षणविषयक आयोगाने एक अहवाल प्रसिद्ध केला. नागरिकत्वाचे शिक्षण आणि फावल्या वेळेचा सदुपयोग या दोन्ही गोष्टी त्याने शाळेच्या उद्दिष्टांत गणल्या.

४/
या विचारामागे जॉन ड्यूई यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव होता. शाळा हा समाजाचाच एक लहान नमुना असावा आणि लोकशाही ही रोजच्या सहजीवनातून शिकली जावी, असे ते मांडीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हेच ड्यूई तेथे त्यांचे अध्यापक होते.

५/
हायस्कूलमधील गुप्त 'फ्रॅटर्निटी' अनेक राज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच बेकायदा ठरवल्या. निवडक श्रीमंत मुलांची ती बंदिस्त टोळकी शाळेला डोईजड झाली होती. त्यांच्या जागी शाळेच्या देखरेखीखालील मंडळे आली : नाट्य, वादविवाद, विज्ञान, छायाचित्रण, लॅटिन, गृहविज्ञान, शेती, शाळेचे वृत्तपत्र. पुष्कळ शाळांनी आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवला.

६/
मंडळाचे कामकाज एखाद्या लहानशा विधिमंडळासारखे चाले. घटना लिहिली जाई आणि अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांच्या निवडणुका होत. वर्गणीचा हिशेब ठेवावा लागे, इतिवृत्त वाचून मंजूर करावे लागे. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग चर्चा आणि मतदान. सभाशास्त्राचा आधार म्हणजे हेन्री रॉबर्ट यांचे १८७६ मधील नियमांचे पुस्तक. शेतीविषयक मंडळांत तर सभा नियमानुसार चालवण्याच्या स्पर्धाही होत.

७/
मात्र या लोकशाहीला स्पष्ट कुंपण होते. प्रत्येक मंडळावर एक मार्गदर्शक शिक्षक असे आणि अंतिम शब्द प्राचार्यांचा राही. नृत्यसमारंभ केव्हा घ्यायचा, निधीसाठी काय विकायचे, सभागृह कसे सजवायचे हे विद्यार्थी-परिषद ठरवू शके. इमारत, अंदाजपत्रक किंवा शाळेत कोणाला प्रवेश मिळावा, हे विषय तिच्या कार्यसूचीवर येणे अपेक्षितच नव्हते.

८/
मंडळे सर्वांसाठी खुली असली, तरी ती सर्वांची नव्हती. समाजशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉलिंग्सहेड यांनी इलिनॉय राज्यातील एका गावाचा अभ्यास करून १९४९ मध्ये 'एल्मटाउन्स यूथ' हे पुस्तक प्रसिद्ध केले. अभ्यासेतर उपक्रमांतील सहभाग कुटुंबाच्या सामाजिक वर्गावर अवलंबून असतो, हे त्यातून दिसून आले. खालच्या वर्गातील मुले मंडळांत क्वचितच आढळत.

९/
दक्षिणेत वर्गाच्या जोडीला वर्ण होता. शेती शिकणाऱ्या मुलांची 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली. तिचा नमुना व्हर्जिनियातच तयार झाला होता. त्याच व्हर्जिनियात १९२७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी संघटना उभी राहिली आणि १९३५ मध्ये 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' या नावाने ती राष्ट्रीय पातळीवर गेली. दोहोंचे सभासद शेतीच शिकत, पण त्यांचे ध्वज, गणवेश आणि अधिवेशने वेगळी होती.

१०/
मुलींच्या बाबतीतही तेच घडले. १९४५ मध्ये गृहविज्ञानाच्या दोन राष्ट्रीय संघटना जन्मल्या : गोऱ्या मुलींसाठी 'फ्यूचर होममेकर्स' आणि कृष्णवर्णीय मुलींसाठी 'न्यू होममेकर्स'. वेगळेपण लादलेलेच होते. तरीही त्या वेगळ्या घरात कृष्णवर्णीय मुलामुलींना पदे मिळाली, भाषणे करता आली, परगावच्या मेळाव्यांना जाता आले.

११/
आता पुन्हा फार्मविल. मोटन हायस्कूलची इमारत १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली गेली होती. १९५१ मध्ये तेथे साडेचारशेहून अधिक विद्यार्थी होते. काउंटीच्या शाळा-मंडळाने नव्या इमारतीऐवजी लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेली खोपटी उभी केली. पावसात छत गळे. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजून निघत आणि लांब बसलेली कोट घालून कुडकुडत.

१२/
गावातील गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते. मोटनमध्ये यांपैकी काहीच नव्हते. विज्ञानाची प्रयोगशाळाही नव्हती. सभागृहात एकाच वेळी एकाहून अधिक वर्ग भरत, आणि कधी कधी तर शाळेच्या उभ्या बसमध्येही शिकवावे लागे.

१३/
बार्बरा जॉन्स नाट्यमंडळात होती, गायनवृंदात होती, विद्यार्थी-परिषदेत होती आणि 'न्यू होममेकर्स'मध्येही होती. या मंडळांच्या निमित्ताने ती अन्य गावांतील शाळांत जाई. तेथील इमारती पाहून परतल्यावर आपली खोपटी तिला अधिकच खुपू लागली. जो उपक्रम 'उत्तम गृहिणी' घडवण्यासाठी होता, त्यानेच तिला तुलनेची संधी दिली.

१४/
एकदा तिने संगीत-शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याजवळ हे दुःख बोलून दाखवले. मग तूच याबाबत काही का करीत नाहीस, असा उलट प्रश्न त्यांनी केला. बार्बराला आरंभी ती उडवाउडवी वाटली. पण प्रश्न मनातून गेला नाही.

१५/
१९५० च्या शरद ऋतूत तिने काही निवडक सहाध्यायांना क्रीडांगणाच्या प्रेक्षक-ओट्यावर बोलावले. त्यांत विद्यार्थी-परिषदेची अध्यक्ष कॅरी स्टोक्स आणि तिचा जुळा भाऊ जॉन स्टोक्स होते. जॉन 'न्यू फार्मर्स'मध्ये पुढे आलेला विद्यार्थी. म्हणजे ही गुप्त बैठक मंडळांच्या पदाधिकाऱ्यांचीच होती. आधी रीतसर मार्ग अवलंबायचा, असे ठरले. पालक पुढील अनेक महिने शाळा-मंडळाच्या बैठकांना गेले आणि दर वेळी आश्वासन घेऊन परतले.

१६/
एप्रिलमध्ये मुलांनी स्वतःची योजना अमलात आणली. मोटनचे दोन विद्यार्थी बसस्थानकावर पोलिसांच्या तावडीत सापडले आहेत, असा फोन प्राचार्य बॉइड जोन्स यांना गेला आणि ते तातडीने बाहेर पडले. त्यानंतर वर्गावर्गांत सभेच्या चिठ्ठ्या पोहोचल्या. त्यांखाली 'जे' हे अक्षर होते. प्राचार्य अशीच सही करीत, आणि जॉन्स हे आडनावही त्याच अक्षराने सुरू होत होते.

१७/
सभागृहात बार्बराने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. नंतर नोकरीवरून काढण्याची वेळ आली, तर त्यांच्यावर ठपका येऊ नये, हा त्यामागील हेतू. पायातील बूट काढून तो बाकावर आपटत तिने शांतता प्रस्थापित केली, असे सांगितले जाते. मग तिने मागणी मांडली : नवी इमारत मिळेपर्यंत कोणीही वर्गात बसायचे नाही. मुले आधीच तयार ठेवलेले फलक घेऊन बाहेर पडली.

१८/
त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी यांनी रिचमंड येथील वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे खटले चालवीत. दोन दिवसांनी ते फार्मविलला आले आणि त्यांनी एक अट घातली. केवळ चांगल्या इमारतीसाठी खटला होणार नाही. वर्णानुसार वेगळ्या शाळा ठेवण्याच्या प्रथेलाच आव्हान द्यावे लागेल. मुलांची मूळ मागणी याहून पुष्कळ लहान होती. तरीही विद्यार्थी आणि पालक तयार झाले.

१९/
७ मे रोजी विद्यार्थी वर्गात परतले. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने 'डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी शाळा-मंडळ' हा दावा दाखल झाला. खालच्या न्यायालयात तो फेटाळला गेला. पुढे तो अन्य चार प्रकरणांसह 'ब्राउन विरुद्ध शिक्षण-मंडळ' या नावाने सर्वोच्च न्यायालयात चालला. १७ मे १९५४ रोजी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरले. त्या पाच प्रकरणांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभे राहिलेले हे एकमेव.

२०/
किंमतही मोठी पडली. प्राचार्य जोन्स यांची नोकरी गेली. जिवाच्या धोक्यामुळे बार्बराला अलाबामातील माँटगोमेरी येथे चुलते व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवण्यात आले. १९५९ मध्ये तर गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्याऐवजी काउंटीने सर्व सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. हजाराहून अधिक कृष्णवर्णीय मुलांची वर्षे वाया गेली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळा पुन्हा उघडल्या.

२१/
मंडळांचे पुढे काय झाले? १९६५ मध्ये 'न्यू फार्मर्स' आणि 'न्यू होममेकर्स' या दोन्ही संघटना त्यांच्या गोऱ्या समकक्ष संघटनांत विलीन झाल्या. शेतीच्या संघटनेतून सुमारे ५०,००० कृष्णवर्णीय सभासद एका मोठ्या घरात गेले. पण त्या घराचे नाव, बोधचिन्ह आणि गणवेश गोऱ्या संघटनेचाच राहिला. स्वतःच्या संघटनेतील पदे आणि व्यासपीठे मात्र नाहीशी झाली. वर्णविभाजन संपताना हेही हरवले, याची नोंद क्वचित घेतली जाते.

२२/
बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. मोटन हायस्कूलच्या जुन्या इमारतीत आज संग्रहालय आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनातून व्हर्जिनियाने २०२० मध्ये सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा हटवला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्स यांची निवड केली.

२३/
विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकन हायस्कूलची वार्षिके चाळली, तर पानोपानी मंडळांची छायाचित्रे दिसतात : दोन रांगा, इस्त्रीचे कपडे, खाली पदाधिकाऱ्यांची नावे. ठराव, अनुमोदन, मतदान हा त्यांचा आठवड्याचा सराव होता आणि मोठ्यांना तो निरुपद्रवी वाटे. मोटनच्या मुलांनी तोच सराव इमारतीच्या प्रश्नाला लावला. ज्या विषयाला कार्यसूचीवर जागा नव्हती, तो त्यांनी एका सोमवारी सकाळी सभेपुढे ठेवला.

समाप्त.